निळ्या दिवसाचं कोकरू

मी मुद्देमाल बोलतोय. पोलिसांच्या लेखी माझं नाव एवढंच. एरवी मी एक साधा मोबाईल, मधल्या किमतीचा, पाठीवर बऱ्यापैकी कॅमेरा असलेला. सध्या माझा मुक्काम एका पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. शेजारच्या पिशवीत एक कुऱ्हाड आहे. ती काही बोलत नाही. तिला जे करायचं होतं ते तिने केलं. सांगायचं काम माझं होतं आणि नेमकी माझीच वाचा गेली. काच फुटली आहे, पोटातली बॅटरी फुगली आहे. तरी पुन्हा कुणी विचारील न विचारील, म्हणून सांगून टाकतो.

माझ्या जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. कारखान्यातल्या पट्ट्यावरून माझी भावंडं एकापाठोपाठ एक सरकत होती आणि कुणाला कुणाशी देणंघेणं नव्हतं. तिथून खोक्यात बंद होऊन सोलापुरात आलो आणि शुक्रवार पेठेतल्या शंकरप्पाच्या हाती पडलो. माणूस मनाने वाईट नव्हता, पण त्याचा हात तोंडाच्या आधी चालायचा. निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलायचा, शिव्या मात्र दोन्हींतल्या द्यायचा. भावाशी त्याचा सामाईक भिंतीवरून वाद होता. एका सकाळी भावाने त्या भिंतीत खिळा ठोकायला घेतला आणि शंकरप्पाने हातात होतं ते फेकून मारलं. हातात मी होतो. भावाच्या कपाळाला खोक पडली, माझा कोपरा उडाला.

माणसाचं रक्त मी तेव्हा पहिल्यांदा अंगावर घेतलं. संध्याकाळी दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून जेवले, कपाळावर पट्टी बांधलेल्याने दुसऱ्याला लोणचं वाढलं. मला मात्र दुरुस्तीच्या दुकानात नेऊन टाकलं. माणसांचं असंच असतं. तुटतात, जुळतात आणि मधल्यामध्ये वस्तू मोडीत जातात.

तिथून मला कुमारने घेतलं, लेकीच्या कॉलेजसाठी. कुमार मूळचा मंगळवेढ्याकडच्या माळावरचा. घराचा पिढीजात धंदा मेंढरांचा. थोरला भाऊ धुळा अजून मेंढरांमागे फिरतो, धाकटा कुमार मात्र चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे उचलायला लागला आणि शुक्रवार पेठेत भाड्याच्या खोलीत राहू लागला. इतका मऊ माणूस मी पाहिला नाही. घरात पाल निघाली तरी तो तिला सुपलीत घेऊन बाहेर सोडायचा. भाऊ त्याला चिडवायचा, की तुझ्या अंगातलं धनगराचं पाणी त्या टॉवेलांनी टिपून घेतलं. कुमार नुसता हसायचा.

त्याची लेक राजनंदिनी. तिची आई ती रांगत असतानाच गेली. सुट्टी लागली की तिला माळावर नेऊन न्हाऊमाखू घालायची ती धुळाची बायको, म्हाळसाबाई. राजनंदिनी तिला थोरली आई म्हणते आणि धुळाला आप्पा. घरचे सगळे तिला राजी म्हणतात.

राजी कॉलेजात हुशार होती, पण तिला तिथे एक काटा रुतलेला होता. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून कुणीतरी बें-बें करायचं. सगळे हसायचे. ती मला इतकी घट्ट धरायची की वाटायचं, ही आता शंकरप्पासारखी मला फेकून मारणार. एकदा फेकायला हवं होतं तिने. मी आनंदाने गेलो असतो.

मग नवरात्र आलं. नवरात्रात आपल्याकडे दिवसागणिक एकेक रंग ठरलेला असतो आणि बँकेपासून भाजी मंडईपर्यंत बायका त्या रंगाच्या साड्या नेसून फोटो काढतात. राजीच्या वर्गातल्या दिपालीने त्याला वेगळं वळण दिलं. तिने मोबाईलवर एक ग्रुप काढला आणि अट घातली, की साडी नाही, सेल्फी नाही. त्या दिवसाचा रंग आपल्या रोजच्या जगण्यात जिथे सापडेल तिथला फोटो टाकायचा, आणि तोही दिवस मावळायच्या आत. एकही दिवस चुकला की बाद. शेवटी निवडलेले फोटो मोठे करून कॉलेजच्या हॉलमध्ये लावणार, खाली नाव घालून.

राजीच्या डोक्यात ते नाव शिरलं. जिथे बें-बें ऐकलं, तिथेच भिंतीवर आपलं नाव. मला तिची ही ईर्षा आवडायची. ती मला घेऊन जग पालथं घालू लागली.

पांढऱ्या दिवशी तिने बापाला टिपलं. पाळी संपवून तो आला होता, भुवयांवर, कानांत, मिशीत सुताचा पांढरा भुसा. लाल दिवशी शेजारच्या बसम्मा शेंगाचटणी कुटत होत्या. उखळातली मिरची आणि त्यांच्या ठसक्याने लाल झालेले डोळे, दोन्ही एका फोटोत आले. करड्या दिवशी ती दुकानाचं बंद शटर टिपायला गेली, तर त्या शटरसमोरच दोन गाडीवाले एकमेकांवर तुटून पडले. एकाने दुसऱ्याचं डोकं शटरवर आपटलं. राजीने घाबरत का होईना, बटण दाबलं. त्या फोटोला जितक्या जणांनी वाहवा दिली, तितकी बसम्मांच्या मिरचीलाही मिळाली नव्हती. दिपालीने लिहिलं, कसला भारी टाइम साधलास. पडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. मला त्याच दिवशी या खेळाची धास्ती वाटली होती, पण माझं कोण ऐकतं.

निळा रंग आला त्या दिवशी कुमारला सुट्टी होती. घट बसले की थोरल्या भावाकडे देवाच्या पाया पडायला जायचं, ही त्यांची रीत. बापलेक सकाळच्या एसटीने निघाले. धुळाचा वाडा तेव्हा मंगळवेढ्याच्या वाटेवर एका पडीक रानात होता. वाडा म्हणजे तुमचा दगडी नव्हे. धनगराचा वाडा म्हणजे पालं, चूल, घोड्यावर लादायचं सामान आणि मेंढरांभोवती लावायची जाळी. आज इथे, उद्या पुढच्या रानात.

तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट कानावर आली ती चोरीची. म्हाळसाबाईचा धाकटा भाऊ बिरुदेव, त्याचाही वाडा दोन-तीन गावं सोडून पलीकडे उतरला होता. त्याच्या वाड्यावर चोर गाडी घेऊन आले, जाळी कापली, भुंकणाऱ्या कुत्र्याला पहारीने ठेचून मारलं आणि लहान कोकरं गाडीत भरून पळाले. कुत्रं त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. तेव्हापासून तो कुऱ्हाड घेऊन बाजार-बाजार हिंडतोय, खात नाही, झोपत नाही, असं म्हाळसाबाई भाकरी थापताना सांगत होती. ज्याच्याकडं माजी कोकरं घावतील त्याचा हात तोडीन, असं तो देवापुढं बोलून बसला होता.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच अडलं. धनगरांची मेंढरं एकमेकांत मिसळतात, म्हणून जो तो आपापल्या मेंढरांच्या पाठीवर आपला रंग लावतो. पुढे कानालाही खूण करतात, पण ती कोकरू थोरलं झाल्यावर. धुळाच्या घरचा रंग लाल. तोही तो नव्या कोकरांना दसऱ्याला पूजा झाल्यावरच लावायचा, तोवर त्याची कोकरं कोरी. बिरुदेवाचं तसं नव्हतं. कोकरू उभं राहिलं की तो त्याला रंग लावून मोकळा. त्याचा रंग निळा.

हे त्या माळावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी बोलून दाखवत नाही. म्हाळसाबाईने कोकरं गेली म्हणून सांगितलं, निळी कोकरं गेली असं तिने सांगितलं नाही. राजी पेठेत वाढलेली. मेंढरांच्या पाठीवर रंग असतो हे तिला दिसत होतं, पण शहरातली पोरं जसं बैलाच्या शिंगांचा रंग बघतात तसंच तेही. हौस म्हणून लावतात, असंच ती समजत होती.

दुपारी धुळा मेंढरं घेऊन रानात गेला होता, कुमार त्याच्या सोबतीला, आणि म्हाळसाबाई पाण्याला. राजी एकटी निळा रंग शोधत फिरत होती. त्या रानात निळं काहीही नव्हतं. काळी घोंगडी, पिवळं पडलेलं गवत, तांबूस माती. आभाळसुद्धा ढगाने मळकट झालेलं. दिवस कलायला लागला तशी तिची तगमग वाढली. इतके दिवस एकही रंग चुकला नव्हता.

पालात तिला नीळ सापडली. धुळाचा पटका पांढराफेक लागायचा, म्हणून म्हाळसाबाई कपड्यांना घालायची निळीची बाटली जपून ठेवायची. डालग्याखाली, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली, एक पांढरं कोकरू झाकलेलं होतं, आईमागे रानात जाण्याइतकं थोरलं न झालेलं. राजीने ते बाहेर काढलं. आधी कोरंच टिपलं. मग बाटलीतली नीळ बोटांवर घेतली आणि त्याच्या पाठीवर एक गोल टिक्का काढला. कोकरू दचकलं, शहारलं आणि मान वळवून तिच्याकडे बघू लागलं. फोटो सुरेख आला. खोटं कशाला बोलू, माझ्या उभ्या आयुष्यातला तो सगळ्यात देखणा फोटो होता.

तिने खाली लिहिलं, "निळा. आमच्या वाड्यावरचं कोकरू." आणि पाठवून दिला.

नंतर तिने टिक्का ओल्या फडक्याने पुसायला घेतला तर तो आणखीच पसरला. पाणी लांबून आणलेलं, कोकरू धुवायला ते कोण देणार. तिने ते तसंच डालग्याखाली सरकवलं. संध्याकाळी जेवताना म्हाळसाबाईने तिची निळी बोटं पाहिली आणि हसून विचारलं, की पोरी, माझ्या बाटलीत काय बुडवलंस. राजी लाजून हसली. अंधार पडला होता, मेंढरं दमून बसली होती, कोकराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

माझ्याकडे मात्र वाहवांचा पाऊस पडत होता. दिपालीने तो फोटो स्वतःच्या स्टेटसला लावला. तिथून कुणी तो सोलापूरच्या आणखी एका ग्रुपात टाकला, तिथून तिसऱ्यात. गावगप्पांना पाय फुटायला वेळ लागतो, आम्हां मोबाईलांतून गेलेल्या गोष्टीला तेवढाही लागत नाही. सकाळी बिरुदेवाचा मुलगा सोमेश चहा पीत बसला असताना तो फोटो त्याच्या मोबाईलवर उमटला. निळा टिक्का. आमच्या वाड्यावरचं कोकरू. पाठीमागे म्हाळसाबाईचं पाल, तिच्याच लुगड्याचं ठिगळ लावलेलं. सोमेशच्या आत्याचं पाल त्याला ओळखू येणार नाही तर कुणाला.

चोर परका निघाला असता तर बिरुदेव रागावला असता. चोर दाजी निघाला म्हणून तो पेटला.

बापलेक रात्री वाड्यावरच राहिले. दुसरा दिवस पिवळ्या रंगाचा. राजी सकाळी देवापुढचा भंडारा टिपायला मला घेऊन वाकली होती. तेवढ्यात टेम्पो रानात शिरला आणि चुलीशेजारी येऊन थांबला. आधी सोमेश उतरला, हातात काठी. मागून बिरुदेव, कुऱ्हाड टेम्पोत ठेवून काठी घेतलेला. राजी त्याला लहानपणापासून मामा म्हणायची, त्याच्या खांद्यावर बसून तिने जत्रा पाहिली होती. ती हसून पुढे झाली. तो तिच्याकडे न बघता डालग्यापाशी गेला, लाथेने डालगं उडवलं आणि कोकरू बखोटीला मारलं.

धुळा दूध काढत होता. त्याला वाटलं, मेव्हणा रागाच्या भरात काही मागायला आलाय. तो उठून विचारायला गेला, की काय झालं, पाव्हणं. बिरुदेवाने काही सांगितलं नाही. हातातली काठी उचलली आणि धुळाच्या कानशिलावर घातली. मडकं फुटावं तसा आवाज झाला. धुळा जिथल्या तिथे बसला. कानातून रक्ताची धार लागली, पटका भिजला, दूध मातीत गेलं.

"बहीण दिली तुला," बिरुदेव म्हणाला, "आन् माजीच कोकरं चोरलीस व्हय रं?"

दुसरी काठी खांद्यावर बसली. तिसरी पडायच्या आत म्हाळसाबाई नवऱ्याच्या अंगावर आडवी झाली आणि ती तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचं मी ऐकलं. ती ओरडत होती, की नीळ हाय ती, माज्या बाटलीतली नीळ हाय, पोरीनं लावलीया. चांगली खणखणीत ओरडत होती. पण भांडणात बाईचा आवाज आला की पुरुषांना ते रडणंच वाटतं, त्यात काही सांगितलेलं असेल असं त्यांच्या ध्यानीमनीही येत नाही.

 राजीला आत्ता कुठे उमगलं होतं, की आपल्या एका टिक्क्याने काय केलंय. ती सोमेशच्या पुढे गेली आणि मला त्याच्या तोंडासमोर धरलं. पडद्यावर आदल्या दिवशीचा पहिला फोटो होता, कोऱ्या कोकराचा. हे बघा, ते पांढरं होतं, निळं मी लावलं, एवढंच ती परत परत म्हणत होती. मीही जीव तोडून उजळलो होतो. एक क्षण त्याने माझ्याकडे बघितलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. त्याने काठी फिरवली. मी तिच्या हातातून उडालो, दगडावर आपटलो आणि माझ्या काचेचा चुरा झाला. दुसऱ्या हाताने त्याने राजीच्या थोबाडीत मारली. ती चुलीवर पडली आणि तिचा तळवा निखाऱ्यात गेला.

मी उताणा पडलो होतो. दिसत होतं ते तडकलेलं आणि तिरकं, पण दिसत होतं. राजीची किंकाळी ऐकून पालामागून कुमार आला. पालीला सुपलीत घेऊन सोडणारा कुमार. त्याने एकदा भावाकडे बघितलं, एकदा लेकीकडे. पालाच्या खांबाला कुऱ्हाड टेकवून ठेवलेली होती, मेंढरांना डहाळे तोडायची.

त्याच वेळी बिरुदेव थांबला. का थांबला ते मला तिथून कळलं नाही. त्याच्या एका काखेत कोकरू होतं. काठी त्याने टाकून दिली होती आणि तो स्वतःच्या हाताकडे बघत उभा होता. मग सोमेशला म्हणाला, "थांब. थांब जरा."

हे शब्द कुमारपर्यंत पोचले नाहीत. तो मागून आला होता. कुऱ्हाड मान आणि खांद्याच्या मधे बसली. बिरुदेव गुडघ्यांवर आला, मग तोंडावर. कोकरू त्याच्या काखेतून निसटलं आणि ओरडत आईकडे पळालं. रक्त इतकं उसळलं, की माझ्यापर्यंत आलं आणि फुटलेल्या काचेच्या फटींतून आत झिरपलं. म्हाळसाबाई नवऱ्याला सोडून भावाकडे सरपटत गेली आणि मोडलेल्या हाताने ती जखम दाबायला लागली. कुमारने कुऱ्हाड खाली ठेवली, अगदी हळू, आणि भंडाऱ्यापाशी जाऊन बसला. सोमेशने पाठीवर, डोक्यावर, कशाही काठ्या घातल्या तरी तो हात वर करेना.

बिरुदेव दवाखान्यात पोचायच्या आधीच वाटेत गेला.

पुढचं मी ठाण्यात पडल्या पडल्या ऐकलं. कुमार तुरुंगात आहे. धुळा वाचला, पण एका कानाने बहिरा झाला आणि चालताना तोल जातो. पण खरा मार त्याला वेगळाच बसला. सगळ्या मुलखात बभ्रा झाला, की धुळाने मेव्हण्याची कोकरं चोरली आणि ते उघडं पडलं म्हणून भावाकरवी मेव्हण्याचा काटा काढला. त्याची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायला कुणी तयार होईना. देवळात तो आला की माणसं उठून जाऊ लागली. ज्या घराण्यात कुणी दुसऱ्याची शेळीसुद्धा आपल्या रानातून हाकताना दोनदा ओरडून सांगायचं, त्या घराला चोर म्हणायला लागले.

आणि तो हे निमूट सोसत होता. राजी खरं सांगायला निघाली तेव्हा त्याने तिला शपथ घातली. तुझ्या हाताने हे झालं असं एकदा लोकांच्या तोंडी गेलं, की जन्मभर तुझा पिच्छा सुटायचा नाही, कुणी घरात घेणार नाही. मला चोर म्हणू देत, माझी लाकडं मसणात गेलेली आहेत, असं तो म्हणाला. तुरुंगातून कुमारनेही हेच कळवलं. कोऱ्या कोकराचा फोटो असलेला मोबाईल काही आता उघडत नाही, तेव्हा पोरीचं नाव निघायचं कारण नाही. एका भावाने तुरुंग घेतला, दुसऱ्याने चोरीचा डाग घेतला आणि पोरीला मध्ये झाकून ठेवलं. माझ्या बंद पडण्यावर दोघांची भिस्त होती. माझा एवढा उपयोग कुणी आजवर केला नव्हता आणि मला त्याची शरम वाटत होती.

आज मला बाहेर काढलं. सिद्धेश्वरी नावाच्या हवालदार बाई आहेत, त्यांनी मला टेबलावर ठेवून राजीला ओळखायला बोलावलं. मला जिल्ह्याबाहेर तपासणीला पाठवायचं होतं; त्याआधी हा मोबाईल तुझाच का, एवढं सांग आणि सही कर, असं त्या तिला म्हणाल्या. राजीचा तळवा अजून पट्टीत होता. सोबत म्हाळसाबाई, हात गळ्यात बांधलेला, कपाळ मोकळं नाही पण डोळे विधवेचे. त्याच वेळी सोमेश आपला जप्त केलेला टेम्पो सोडवायला आलेला. त्याने आत्याला पाहिलं आणि तोंड फिरवून भिंतीकडे बसला. ज्या घराने भाऊ मारला त्याच घरात आत्या अजून नांदते, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं दिसत होतं.

राजीने माझ्याकडे पाहिलं. सही करून ती निघून गेली असती तर मी तिला दोष दिला नसता.

"मोबाईल माझाच आहे," ती म्हणाली. "आणि त्या कोकरावर निळं मी लावलं होतं. आप्पांनी काही चोरलं नाही. ते कोकरू आमचंच होतं. फोटोसाठी मी त्याला कपड्यांची नीळ लावली."

म्हाळसाबाईने तिचा दंड धरला, तिला गप्प करायला. मग हात सोडून दिला. सिद्धेश्वरी बाईंचं पेन थांबलं. सोमेश उठून उभा राहिला. अंगाने आडदांड पोरगा, मुठी वळलेल्या. मला वाटलं, आता पुन्हा मी उडणार, आता पुन्हा कुणीतरी पडणार. राजीला पण तेच वाटलं असावं, पण ती मागे सरली नाही.

"नीळ?" तो म्हणाला.

ती मान हलवून हो म्हणाली.

 मग तो आत्याकडे वळला.

"बाला आंघुळ घालताना हाताला निळं व्हतं," तो म्हणाला. "तळव्याला. म्या घासलं, रगात निगालं, निळं निगंना. आमचा रंग हाताला लागत न्हाई. पाऊस पडला तरी मेंढराच्या पाटीवरनं जात न्हाई. मला कळंना त्यो काय बगत व्हता. थांब म्हणला मला त्यो. दोनदा म्हणला."

तेव्हा मला कळलं, की बिरुदेव का थांबला होता. घामेजलेल्या हाताला कोकराची पाठ घासली आणि नीळ तळव्यावर उतरली. त्याला कळलं होतं, की हा आपला रंग नव्हे आणि दाजी चोर नव्हे. त्या रानात ते कळलेला तो एकटा पुरुष होता आणि कुऱ्हाड त्याच्यावरच पडली.

म्हाळसाबाई खाली बसली. इतके दिवस ती रडली नव्हती, नवऱ्याच्या घरात भावासाठी कसं रडावं हे तिला सुचत नव्हतं. ती मोठ्याने हेल काढून रडली नाही. सोमेशच्या पँटचा पाय धरून एवढंच म्हणाली, "एक फोन करायचा व्हता रं. तुज्याजवळ नंबर व्हता की आमचा."

सोमेशने तिचा हात सोडवून घेतला नाही. टेबलाकडे वळला आणि सिद्धेश्वरी बाईंना म्हणाला, की धुळामामा चोर न्हाई, हे माझ्या नावावर लिवा, मी सही करतो, देवळात चार माणसांतबी सांगतो. मग राजीकडे बघून म्हणाला, "तुज्या बाला मातुर मी माफ करणार न्हाई."

"करू नका," राजी म्हणाली.

त्याने सही केली. मग तिनेही केली, पट्टीतल्या हाताने, वाकडीतिकडी. आत्या आणि भाचा दारापर्यंत बरोबर गेले आणि तिथून दोन वाटांना लागले.

आता मला पुन्हा पिशवीत घातलंय. तपासणीवाले मला उघडतील, जमलं तर दोन्ही फोटो काढतील, कोरं कोकरू आणि निळं. ते काढोत की न काढोत, धुळाचं नाव धुतलं गेलं आहे. तेवढ्यावर मी सुखाने मेलो असतो. पण म्हाळसाबाईचं बोलणं माझ्या पोटात राहिलं आहे.

मला कॅमेरा आहे, म्हणून तुम्ही मला डोळा समजता. मी दाखवलं की तुम्हाला पुरतं. बहिणीचा नवरा, वीस वर्षांची सोयरीक, एका ताटातली भाकरी, या सगळ्यापेक्षा माझ्या बोटभर पडद्यावरचा एक टिक्का तुम्हाला खरा वाटतो. अहो, माझं मूळ काम ते नव्हेच. दूरच्या माणसाचा आवाज जवळ आणायला मला घडवलंय. त्या सकाळी सोमेशच्या खिशात माझ्यासारखाच एक होता, धुळाच्या पालात एक होता, आणि मधल्या सगळ्या वाटेत त्यांतला एकही वाजला नाही. तुमच्या हातात माझी जी भावंडं आहेत त्यांच्यावर उद्या असंच काही दिसेल, तुमच्या डोळ्यांत रक्त उतरेल. तेव्हा काठी उचलायच्या आधी त्याला फोन लावा. शिव्या द्यायच्या असतील तर शिव्या द्या. पण पलीकडचं माणूस उचलेपर्यंत थांबा.